झाकणावरचा नंबर

मनिषाने चिमटा दिव्याच्या ज्योतीवर धरला, तो निवेपर्यंत दहा आकडे मोजले आणि बाटलीतलं केळीचं इवलं रोप अलगद बाहेर काढलं. पात्याने त्याचे चार तुकडे केले, तुकडे नव्या बाटलीतल्या जेलीत रोवले, झाकण लावलं, झाकणावर मार्करने नंबर टाकला आणि पुढची बाटली ओढली. सकाळपासून हेच चाललं होतं. सकाळपासून कसलं, एकोणीस वर्षांपासून हेच चाललं होतं. उजव्या मनगटातली कळ आता कोपरापर्यंत चढून यायची आणि दुपारी डबा उघडला की घास उचलायला डावा हात पुढे व्हायचा.

काचेवर टकटक झाली. बाहेर लॅबचे इनचार्ज महारुद्र सर उभे होते. बाहेर बोललेलं आत ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन डोंगराचा आकार केला आणि खाली ऑफिसकडे बोट दाखवलं.

मनिषाने हातातली बाटली आधी झाकली. डोंगरातले गुरुजी आले होते.

परभणीतल्या पाथरी रोडवरची ही लॅब सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे ती केळीसाठी. इथली जी-नाईनची रोपं ट्रक भरभरून वसमतला आणि अर्धापूरला जातात. साडेतीन वर्षांपूर्वी सर कसल्याशा बैठकीसाठी उत्तराखंडात गेले आणि येताना डोक्यात बांज घेऊन आले. बांज म्हणजे तिकडचा ओक. थंड डोंगरावरचं झाड, आपल्या उन्हात आठ दिवस टिकायचं नाही. पण बाटलीत पंचवीस डिग्री मिळाले की कुठलंही झाड कुठंही राहतं, असं सरांचं म्हणणं. तिकडच्या एका गावात नौला आहे, म्हणजे दगडात बांधून काढलेला झरा. त्याच्या भोवती पाच म्हातारे बांज होते. नौल्याचं पाणी त्यांच्याच मुळांतून येतं, असं गाव मानतं. त्या झाडांनी बी धरायचं कधीच सोडून दिलं होतं, म्हणून त्यांच्या कोंबांतून तीच झाडं पुन्हा उभी करायची होती. ओल्या शेवाळात गुंडाळून, हिंदी वर्तमानपत्रात बांधून पाच झाडांच्या कोवळ्या फांद्या परभणीला आल्या. एक ते पाच नंबर.

एक, दोन आणि तीन महिनाभरात गेले. कापलं की काळा रस सुटायचा आणि जेलीचा चहा व्हायचा. पुढे पुढे चारची आणि पाचची एकेक बाटली तेवढी उरली आणि त्यांतले कोंबही उभ्या उभ्या सुकायला लागले. तेव्हा मनिषाने एक दिवस वैतागून कोंबांचे शेंडे छाटले आणि कांड्या जेलीत आडव्या निजवल्या. लहानपणी ती आईबरोबर कॅनॉलच्या पट्ट्यात ऊस लावायला जायची. उसाचं बेणं कुणी उभं रोवत नाही, सरीत आडवं घालतात. पंधरा दिवसांत आडव्या कांड्यांच्या डोळ्यांतून हिरवे कोंब उभे राहिले. सरांनी आधी तिला झापलं, मग फोटो काढले, मग अहवाल लिहिला. अहवालात ऊस नव्हता आणि मनिषाही नव्हती. तिला त्याचं फार काही वाटलं नाही. बाटल्या जगल्या होत्या.

मग मागच्या पावसाळ्यात तिकडे दरड कोसळली आणि पाच नंबरचं झाड नौल्याच्या अंगावरून खाली दरीत गेलं. पाच नंबर आता जगात फक्त परभणीत उरला होता.

शेडनेटच्या हिरव्या उजेडात नौल्याच्या गावचे हयातसिंह गुरुजी उभे होते. सत्तरीचे, बुटके, जुलैच्या उकाड्यात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. परभणीत पावसाने दहा दिवस ओढ दिली होती आणि हवा अशी कोंदली होती की नेटखाली उभं राहिलं तरी घाम गळ्यातून खाली यायचा. पण स्वेटर काढायचं त्यांच्या मनात आलेलं दिसलं नाही. मनिषाला बघून त्यांनी हात जोडले.

"बहनजी! फोन में आप लंबी लगती थीं."

मनिषा हसली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते फोन करायचे, तोंड दिसेल असा, आणि ती लॅबमध्ये असेल तर बाटली फोनसमोर धरायची. तीन पानं होती तेव्हापासून त्यांनी पाच नंबर बघितला होता. कधी त्यांच्यामागे गावातल्या चार-दोन बायका डोकावायच्या, खळखळून हसायच्या आणि काहीतरी विचारायच्या. ते तिला एक अक्षर कळायचं नाही. ती नुसती बाटली हलवून दाखवायची.

आता पाच नंबरची अकरा रोपं समोर मातीत होती, वीतभर उंचीची. मुळं धरलेली, बाहेरची हवा सोसलेली. गुरुजी त्यांच्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ नुसते बघत राहिले. एका पानाची कड त्यांनी बोटाने वर केली आणि पानाची पांढुरकी पाठ पाहून मान हलवली. मग पिशवीतून एक प्लास्टिकची बाटली काढली. नौल्याचं पाणी होतं. तीन दिवस, दोन गाड्या आणि एक बस बदलून ते पाणी परभणीत आलं होतं. त्यांनी झाकण उघडून अकराही रोपांच्या मुळाशी थोडं थोडं घातलं, थेंब इकडे तिकडे होणार नाही असं. तळाशी दोन बोटं पाणी उरलं, ते परत पिशवीत गेलं.

शेजारच्या ट्रेमध्ये तशीच नऊ रोपं होती.

"और ये?"

"वो चार नंबर," सर म्हणाले. "वो पेड तो आपके यहाँ खडा ही है."

"हाँ, चार तो खडा है," गुरुजी म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. चारकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

सर मनिषाकडे वळले. "मनिषाताई, हे नऊ आज संध्याकाळपर्यंत काढून टाका बरं. केळीचे ट्रे बाहेर ऊन खायलेत. गुरुजी उद्याच्या सचखंड एक्सप्रेसने जाणार, त्यांचा खोका तेवढा नीट भरा."

"होय सर," मनिषा म्हणाली.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. त्रेचाळीस डिग्री, दुपारचे अडीच. चारची एक बाटली आणि पाचची एक, एवढंच धन होतं आणि तेच त्या दिवशी नव्या जेलीत हलवायचं होतं. एका वेळी एकच बाटली उघडायची, असा नियम. हा नियम ती स्वतः नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवायची आणि दुसऱ्या दिवसापासून पोरी तिला बघून तो मोडायच्या. केळीच्या कामात दोन-दोन, तीन-तीन बाटल्या एकदम उघडतात. केळी सगळी एकच, कुठलं झाकण कुठल्या बाटलीवर गेलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. नंबर झाकणावर लिहायची सवयही तिथलीच. काचेवरचा नंबर धुताना घासून काढावा लागतो, झाकणावरचा स्पिरिटच्या बोळ्याने जातो. एवढीशी सोय. सतरा वर्षांच्या हाताला पडलेल्या सवयीने त्या दुपारी तिने चार आणि पाच दोन्ही उघडून ठेवले, रोपं नव्या बाटल्यांत निजवली आणि नंबर टाकलेली नवी झाकणं हाताला घेणार, तेवढ्यात लाइट गेली. टेबलावर गाळलेली हवा सोडणारा पंखा थांबला. हवा थांबली की उघडं असेल ते त्या क्षणी झाकायचं, नाही तर बुरशी. ज्योतीवरचं काम संपलं म्हणून दिवा तिने नुकताच विझवलेला, खोलीला बाहेरची खिडकी नाही, काचेपलीकडचा पॅसेजही अंधारा, आणि जनरेटर दोन मिनिटं कुरकुरला. तिने अंधारात चाचपून दोन झाकणं उचलली आणि दोन बाटल्यांवर लावली.

लाइट आली तेव्हा तिच्यासमोर दोन बाटल्या होत्या. एकीवर चार, एकीवर पाच. आत सारख्याच हिरव्या कांड्या. ती बघतच राहिली. डावीकडची चार होती की उजवीकडची? झाकणं तिने सरळ उचलली होती की आडवी? जितकं आठवावं तितकं ते पुसट होत गेलं.

त्या संध्याकाळी सांगायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी पाचही झाडं डोंगरावर ठणठणीत उभी होती, आणि हवं तर पुन्हा फांद्या मागवता येतील, असं तिने स्वतःला समजावलं. ती थकलेली होती. थकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालणं फार सोपं जातं. पुढच्या महिन्यात त्या दोन बाटल्यांच्या सहा झाल्या, मग वीस झाल्या, आणि गोष्ट इतकी पुढे गेली की मागे वळून सांगायचं तर कुठून सुरुवात करायची हे तिला सुचेना. मग दरड कोसळली.

गुरुजींना स्टेशनजवळच्या लॉजवर सोडून सर परत आले तेव्हा मनिषा त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. ग्रोथ रूमचा एसी पुन्हा बिघडला होता आणि सर फोनवर मेकॅनिकला झापत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी मान वर केली.

"काय हो?"

तिने सांगितलं. उभ्या उभ्याच, पाच-सहा वाक्यांत. दोन वर्षं छातीवर घेऊन फिरलेली गोष्ट सांगायला मिनिटभरही लागलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे नक्की बदलली?"

"तेच तर कळत नाही सर. बदललीही असतील, नसतीलही."

"एका वेळी एकच बाटली उघडायची, हे तुम्ही पोरींना शिकवता."

"होय सर."

सर एकेक शब्द तोलून बोलायला लागले. चार नंबरची पानं तिकडून मागवून तपासता येतं. दोन-तीन महिने जातील. आणि तपासात उलटं निघालं, तर दोन वर्षांचे सगळे अहवाल खोटे ठरतील. देवदारचं पुढचं काम येणार होतं, ते येणार नाही.

"ताई, हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. म्हातारा माणूस इतक्या लांबून आलाय. खुशीत जाऊ द्या त्याला."

"आणि ते नऊ?"

"ते काढायला सांगितलेत ना?" सर जरा जोरात म्हणाले आणि लगेच चष्मा पुसायला लागले. "ठेवून काय करणार ताई? ठेवले की कुणीतरी विचारणार, कामून ठेवले."

सर वाईट नव्हते. मनिषाच्या मनगटासाठी त्यांनी स्वतःच्या गाडीतून तिला दोनदा डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांचीही साडेतीन वर्षं त्या बाटल्यांत गेली होती, हे तिला दिसत होतं. पण तिला त्या क्षणी त्यांचा फार राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

तिने नऊ रोपांचा ट्रे उचलला आणि शेडमागच्या खड्ड्यापर्यंत नेला. मेलेली, सडलेली रोपं टाकायचा तो खड्डा. आजवर त्यात तिने हजारो केळी टाकल्या होत्या, डोळ्याची पापणी न हलवता. खड्ड्याच्या काठावर ती उभी राहिली. या नऊंत पाच असेल, तर जगातला शेवटचा पाच नंबर ती आता स्वतःच्या हाताने टाकणार होती. तिने ट्रे पाण्याच्या टाकीमागे सावलीत ठेवला, वर ओलं पोतं टाकलं आणि घरी जायला निघाली.

पोखर्णीकडच्या रस्त्यावर मनिषाचं गाव. फाट्यावर उतरून ती वस्तीत आली तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं. विहाराच्या पारावर पिंपळाखाली तिची आई कुसुमबाई तांदूळ निवडत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डोळ्यांनी अधू, तरी रोज तांदूळ घेऊन तिथंच बसायची. मनिषा चप्पल काढून शेजारी टेकली.

हा पिंपळ मनिषाचे वडील पंडित यांनी लावलेला. तरुणपणी ते वस्तीतल्या दहा जणांबरोबर नागपूरला गेले होते आणि येताना बोधिवृक्षाच्या फांदीचं रोप पिशवीत घालून, रेल्वेत मांडीवर धरून घेऊन आले होते. सगळ्या वस्तीने मिळून ते लावलं. वस्तीत ही गोष्ट अजून सांगतात. सांगत नाहीत ती पुढची. दुसऱ्या उन्हाळ्यात, वडील रोजगार हमीच्या कामावर गेलेले असताना, ते रोप वाळून गेलं. आई भरदुपारी सात वर्षांच्या मनिषाला घेऊन जुन्या विहिरीवर गेली, कपारीत उगवलेलं तेवढंच पिंपळाचं रोप खुरप्याने मुळासकट काढलं, टोपल्यात घातलं आणि त्या खड्ड्यात आणून लावलं. टोपलं मनिषाने धरलं होतं. वडील मरेपर्यंत त्या झाडाला रोज सकाळी पाणी घालत राहिले.

"आये," मनिषा म्हणाली, "या पिंपळाचं तू आबाला कदीच कसं न्हाई सांगितलंस गं?"

कुसुमबाईचा हात सुपात थांबला. आजूबाजूला कुणी नाही, हे तिने आधी बघून घेतलं.

"आज कामून इचारायलीस?"

"असंच."

"कशाला सांगायचं? ते मेलं हुतं. वाळून काडी झाल्ती. सांगून काय ते हिरवं व्हनार हुतं?" तिने एक खडा उचलून टाकला. "जगलं त्याला पानी घातलं. त्यानं बी घातलं, म्या बी घातलं."

"आन ते मेलं नसतं तर? कुटंतरी जितं असतं, पन कुटलं ते तुला वळखू येत नसतं तर?"

आईने मान वर केली आणि आपल्या अधू डोळ्यांनी लेकीकडे नीट बघितलं. मनिषाला वाटलं, आता ही विचारणार काय झालं म्हणून. पण कुसुमबाईने तसलं काही विचारलं नाही.

"मेलं हुतं म्हनून मी गप ऱ्हायले, मने. जितं असतं तर साऱ्या वस्तीला बोंबलून सांगितलं असतं. सगळे मिळून हुडकलं असतं." तिने सूप पुन्हा हलवलं. "लाजंचं काय, ती दोन दिस ऱ्हाती. हात धू, भाकर खा. तोंड लय उतरलंय तुजं."

मनिषाने हात धुतले, पण भाकर तिला गेली नाही.

सकाळी पहिल्या गाडीने ती लॅबला आली. सर जिंतूरला जाणार होते, त्यामुळे गुरुजींना गाडीत बसवून द्यायचं काम तिच्याकडेच होतं. तिने केळीच्या रोपांचे दोन खोके घेतले, बाजूंना भोकं पाडली, तळाला ओला कोकोपीट घातला. एकात अकरा रोपं बसवली. मग टाकीमागचं पोतं काढलं आणि दुसऱ्यात नऊ बसवली. चारचं एक रोप रात्रीत जरा मलूल झालं होतं. त्याला तिने मध्ये जागा दिली. रिक्षात एक खोका मांडीवर आणि एक पायांत धरून ती स्टेशनला निघाली. वाटेत तिने हिंदीतली वाक्यं मनात जुळवून बघितली. एकही धड जुळेना.

गुरुजी दोन नंबरच्या फलाटावर बाकावर बसले होते, स्वेटर घालून. दोन खोके बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दो? ग्यारह के लिए दो डिब्बे?"

मनिषा त्यांच्याशेजारी बसली. गाडीला अजून वीस मिनिटं होती.

"गुरुजी, एक बात बोलनी थी. मेरे से एक गलती हुई."

आणि तिने सांगितलं. हिंदीत शब्द सापडला नाही तिथं मराठी घातला, मराठी पोचलं नाही तिथं हातांनी दोन झाकणं करून दाखवली. लाइट गेली, अंधार झाला, हे सांगताना तिने डोळे मिटून बाकावर चाचपून दाखवलं. पलीकडे बसलेली एक बाई चणे खाता खाता तिच्याकडे बघायला लागली. मनिषाला त्याचीही लाज वाटली नाही. शेवटी ती म्हणाली, "इन दोनों में से एक में पक्का है. कौनसे में, मेरे को पता नहीं. किसीको पता नहीं."

गुरुजी समोर रुळांकडे बघत होते.

"दो साल," ते म्हणाले. "हर महीने आप मुझे शीशी दिखाती थीं. कहती थीं, देखो गुरुजी, आपका पाँच नंबर."

"हाँ."

"मैं गाँव को दिखाता था. औरतें हाथ जोडती थीं फोन को."

मनिषाला त्या हसणाऱ्या बायका आठवल्या. त्यांनी हात जोडलेले तिला कधी दिसले नव्हते. फोन तेवढा दाखवत नसावा.

"आपको तब भी मालूम था?"

"मालूम था गुरुजी."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते बसून राहिले आणि त्यांचे खांदे प्रवासाने आणि वयाने आधीच वाकलेले होते, ते आणखी थोडे खाली आले. तिचं गेली दोन वर्षं दुखत असलेलं सगळं तिने उचलून या म्हाताऱ्याच्या ओझ्यात घातलं होतं आणि त्याला अजून तीन दिवसांचा प्रवास करायचा होता. आपण आपल्यापुरतं हलकं व्हायला तर हे केलं नाही ना, असं तिला वाटून गेलं. तिचे डोळे भरले.

"आपको गुस्सा आया तो बराबर है," ती म्हणाली. "लेकिन ये नौ फेंकना मत, गुरुजी. सर फेंकने को बोले थे. मैं छुपाके लाई."

गाडी येत असल्याची घोषणा झाली. फलाटावरची माणसं उठली, सामान उचलायला लागली. गुरुजींनी पिशवी पुढे ओढली आणि आत हात घातला. त्यांनी बाटली काढली. कालची, तळाशी दोन बोटं पाणी असलेली. दुसऱ्या खोक्याची झाकणं उघडून ते वाकले आणि नऊ रोपांच्या मुळाशी ते पाणी घालायला लागले. पाणी थोडं होतं. नवव्या रोपापर्यंत पोचवायला त्यांनी बाटली उलटी धरली आणि तळाशी टिचक्या मारल्या, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग खोका बंद केला.

"ये वाला आप पकडिए," ते म्हणाले. "मैं वो पकडता हूँ. धीरे से."

तिने नऊचा खोका त्यांच्या सीटखाली सरकवला. अकराचा खोका ते मांडीवर घेऊन बसले. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीशी उभी होती. त्यांनी हात जोडले नाहीत की हलवला नाही; पण त्यांचा एक पाय खालच्या खोक्याला टेकवलेला तिला दिसला, खोका हलू नये म्हणून.

सरांना दुसऱ्या दिवशी कळलं. खड्ड्यात ती नऊ रोपं नव्हती आणि नऊ कुंड्या कमी होत्या. "कुठं गेले?" त्यांनी विचारलं. "गुरुजींना दिले, सगळं सांगून दिले," मनिषा म्हणाली. अहवालात अकराच रोपं गेली. देवदारच्या कामावर तिचं नाव आलं नाही. तिला आता फक्त केळीवरच ठेवलं. कुणी काही बोललं नाही, पण नव्या पोरी तिला बघून कुजबुज थांबवायच्या.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फोन आला नाही. तिने दिवसभर तो हात बदलून बदलून धरला, एकदा बंद करून चालूही केला. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ती आईच्या डोक्याला तेल लावत असताना तो वाजला.

गुरुजींचं तोंड दिसलं, मग आभाळ, मग ओला हिरवा उतार. दगडांची छोटी छोटी आळी केलेली दिसली, एकेका आळ्यात वीतभर रोप. दोन गेली, ते म्हणाले. अठरा आहेत.

"गाँव में बोले क्या आप?" तिने विचारलं.

"बोल दिया. सबके सामने. पहले तो खूब चिल्लाए." त्यांनी श्वास घेतला, चढावर होते. "फिर एक एक पेड एक एक घर ने ले लिया. अब नया झगडा है. हर घर बोलता है, हमारा वाला पाँच नंबर है. रात को उठके देखते हैं, किसका ज्यादा बढा."

फोन कुणीतरी त्यांच्या हातातून ओढून घेतला. एक म्हातारी बाई पडद्यावर आली, नाकात मोठी नथ, आणि भराभर काहीतरी बोलली. मनिषाला अक्षर कळलं नाही. बाईने फोन खाली नेला आणि एका आळ्यातलं रोप दाखवलं. ते मलूल होऊन सावरलेलं होतं, एका बाजूने फुटलेलं. मनिषाने ते ओळखलं. नऊच्या खोक्यात तिने त्याला मध्ये जागा दिली होती. बाईने आधी रोपाकडे बोट केलं, मग पाचही बोटं उघडून दाखवली.

"काय मनायलीय ती?" कुसुमबाईने विचारलं.

"हेच पाच नंबर हाय मनायलीय."

"हाय का?"

"म्हाईत न्हाई, आये."

"मंग असंल," कुसुमबाई म्हणाली आणि डोकं पुन्हा तेलाच्या हाताखाली दिलं.

सोमवारी मनिषा कामाला बसली. चिमटा ज्योतीवर धरला, दहा आकडे मोजले, केळीची बाटली उघडली, झाकण उजव्या हाताला ठेवलं. चार तुकडे नव्या बाटलीत रोवून झाकण लावलं आणि नंबर काचेवर टाकला. शेजारच्या टेबलावरची पोर हसली.

"ताई, केळीला काय करायचंय काचेवर? धुताना तुम्हालाच घासावं लागंल."

"घासीन," मनिषा म्हणाली. मनगट दुखत होतं. तिने ती बाटली बाजूला ठेवली आणि मगच दुसरी ओढली.